पंचआजोबांचं मैदान

आयर्लंडमध्ये कुठल्याही रस्त्याने गाडी काढा. डब्लिनचा रुंद मोटरवे असो, नाहीतर केरीमधला एका वेळी एकच गाडी जाईल असा बोळ असो, थोड्या थोड्या अंतरावर एक हिरवंगार मैदान लागतंच. दोन्ही टोकांना इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखे उंच खांब. भारतातून आलेले पाहुणे हमखास विचारतात, “इथे रग्बी फार खेळतात वाटतं?” तर मंडळी, ओळखायची खूण सोपी आहे. ‘एच’च्या आडव्या दांडीखाली जाळं लावलेलं असेल तर ते रग्बीचं मैदान नव्हे. ते जीएएचं, म्हणजे गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनचं मैदान. आपल्याकडे गावाच्या वेशीवर मारुतीचं देऊळ असतं ना, तसं हे इथलं. फरक इतकाच, की मारुतीला गर्दी शनिवारी आणि इथे आठवड्याचे सातही दिवस!

आपल्यापैकी बहुतेकांची मुलं शाळेच्या निमित्ताने या मैदानावर कधी ना कधी जातात. आपण त्यांना सोडतो, गाडीत बसून फोन बघतो आणि तासाभराने चिखलाने भरलेलं कार्टं डिकीतल्या जुन्या टॉवेलवर बसवून घरी आणतो. तारेच्या कुंपणापलीकडे नेमकं काय चाललंय याची चौकशी करायला सवड कोणाला? मला ती सवड मिळाली ती आमच्या शेजाऱ्यांमुळे. वय वर्षं ७८. आयुष्यातली पंचवीसेक वर्षं खेळण्यात गेली आणि पुढची चाळीस शिट्टी फुंकण्यात. ते म्हणतात, “मला नावाने हाक मार.” आता आपल्याच्याने ते कसं व्हावं? आमच्या घरात त्यांचं नाव पंचआजोबा.

पण आधी थोडं मागे जातो. मी मास्टर्स करायला कॉर्कला आलो ते २००५ च्या सप्टेंबरात. पुण्यात नुकतेच गणपती बसले होते, आणि ऐन गणपतीत घर सोडावं लागल्यामुळे मन जरा खट्टू होतं. कॉर्कमध्ये उतरतो तो काय, सगळं शहर लाल-पांढऱ्या पताकांनी सजलेलं! दुकानांवर झेंडे, मोटारींना झेंडे, एका म्हाताऱ्या बाईंच्या कुत्र्याच्या गळ्यातसुद्धा लाल-पांढरा रुमाल. ११ सप्टेंबरला डब्लिनच्या क्रोक पार्कवर हर्लिंगची ऑल-आयर्लंड फायनल होती. कॉर्कने गॉलवेला १-२१ विरुद्ध १-१६ असं हरवलं. ते आकडे पाहून माझ्यातला इंजिनियर चक्रावला. घरमालकाने कागदावर मांडून दाखवलं : आडव्या दांडीखालून जाळ्यात मारलेला चेंडू म्हणजे गोल, त्याचे तीन गुण, दांडीवरून, दोन खांबांमधून गेला तर एक गुण. तेव्हा १-२१ म्हणजे तीन अधिक एकवीस, एकूण चोवीस. दुसऱ्या दिवशी संघ गावात परतला तेव्हाची मिरवणूक लक्ष्मी रोडच्या मिरवणुकीला शोभेल अशी होती. ढोल तेवढे नव्हते.

त्या संघाचा कॅप्टन होता शॉन ओग ओ हॅल्पीन. जन्म फिजीच्या रोटुमा बेटावरचा, आई तिथलीच, वडील आयर्लंडच्या फर्मॅना जिल्ह्यातले. हे कुटुंब १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियातून कॉर्कला आलं. असा हा बाहेरून आलेला मुलगा कप हातात घेऊन क्रोक पार्कच्या स्टँडवर उभा राहिला आणि त्याने सगळं भाषण आयरिश भाषेत केलं. मला त्यातला एक शब्द कळला नाही. पण त्याला ऐकताना घरमालकाचे डोळे भरून आले होते, ते मात्र कळलं.

जीएएची जन्मकथा आपल्या माणसाला चटकन समजते. १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी जिल्ह्यातल्या थर्लस गावी, हेज हॉटेलात मूठभर माणसं जमली. पुढाकार मायकल क्यूसॅक नावाच्या शिक्षकाचा. अध्यक्ष झाले मॉरिस डॅविन. इंग्रजी राज्यात देशी खेळ मागे पडत चालले होते. त्यांना नियम, संघटना आणि प्रतिष्ठा द्यायची, असा बेत ठरला. नऊच वर्षांनी, १८९३ मध्ये, टिळकांनी गणेशोत्सव घरातून चौकात आणला. परक्या सत्तेखाली चार माणसांनी एकत्र यायचं तर निमित्त आपल्या मातीतलंच लागतं, ही अक्कल दोन्हीकडे सारखीच. इंग्रज सरकारलाही त्याचा वास आला असणारच. २१ नोव्हेंबर १९२० रोजी क्रोक पार्कवर सामना चालू असताना ब्रिटिश दलांनी गोळीबार केला. चौदा जण मेले. त्यांत टिपरेरीचा खेळाडू मायकल होगन होता. आज तिथल्या एका मोठ्या स्टँडला त्याचं नाव आहे.

खेळ मुख्य दोन : हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल. बायकांच्या हर्लिंगला कमोगी म्हणतात. दोन्हींत पंधरा-पंधरा खेळाडू. आणि आता ऐका गंमत. ब्याऐंशी हजार माणसं बसतील अशा क्रोक पार्कवर फायनल खेळणाऱ्या खेळाडूला पगार नसतो! रविवारी टीव्हीवर पाहिलेला हिरो सोमवारी सकाळी तुमच्या मुलाला गणित शिकवताना दिसतो. आमच्या कारखान्यात व्हॉल्व्ह तपासणारा एक तरुण जिल्ह्याच्या संघाच्या सरावाला जातो. त्याला शिफ्ट बदलून देणं हे आम्ही राष्ट्रकार्य समजतो.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. खेळाडू विकत घ्यायचा नसतो. तुम्ही ज्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या ज्या गाववस्तीत राहता, तिथल्या क्लबकडून खेळायचं आणि त्या जिल्ह्याकडून नाव काढायचं. आज्याचा क्लब, बापाचा क्लब, तोच नातवाचा. आमच्याकडे “तुम्ही कुठले?” याचं उत्तर पिनकोडने देत नाहीत, क्लबने देतात.

आमचं गाव कॉर्क शहराच्या पूर्वेला, गाडीने अर्ध्या तासावर. इथून जवळच क्लॉइन आहे. गाव लहान, पण तिथे जुना गोल मनोरा आहे, सेंट कोलमनचं कॅथीड्रल आहे, तत्त्वज्ञ बर्कली १७३४ पासून तिथला बिशप होता. एवढं सगळं असूनही तुम्ही तिथे कोणाला पत्ता विचारलात तर आधी सांगतील, “क्रिस्टी रिंगचं गाव!” हर्लिंगमधला हा महापुरुष १९२० साली तिथे जन्मला आणि त्याने कॉर्कसाठी आठ ऑल-आयर्लंड जिंकल्या. क्लॉइनला त्याचा पुतळा आहे आणि कॉर्कच्या विमानतळावरही आहे. म्हणजे आईवडिलांना घ्यायला गेलात की दर्शन आपोआप होतं.

पंचआजोबांनी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून रिंगला खेळताना पाहिलंय. ते स्वतः दहाव्या वर्षी गावच्या क्लबात आले. घरी अकरा भावंडं, हर्ली दोनच. (हर्ली म्हणजे हर्लिंगची काठी; आयरिशमध्ये कमॉन.) ज्याचा सामना असेल त्याने ती न्यायची आणि मोडली तर टिनची पट्टी मारून घरी आणायची. पुढे क्रीमरीच्या दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर झाले. पहाटे चारला उठून गोठ्या-गोठ्यांतून दूध गोळा करायचं आणि संध्याकाळी सराव. जिल्ह्याच्या संघात कधी निवड झाली नाही. “दोनदा ट्रायलला बोलावलं, दोनदा आभार मानून परत पाठवलं,” हे सांगताना ते अजून हसतात. गावाकडून मात्र छत्तीस वर्षांचे होईपर्यंत खेळले. तीन बोटं वाकडी आहेत आणि पुढचे दोन दात त्यांचे स्वतःचे नाहीत. हर्लिंगमध्ये सगळ्यांना हेल्मेटची सक्ती झाली ती २०१० पासून. त्यांच्या काळात डोक्यावर फक्त टोपी, तीही पाऊस असला तर!

हर्ली कशी बनते ते पाहायला ते एकदा मला एका कारागिराकडे घेऊन गेले. इंजिनियर माणसाने ते अवश्य पाहावं. अ‍ॅश झाडाचं लाकूड घेतात, तेही बुंध्याचा अगदी खालचा, मुळं फाकतात तिथला सव्वा-दीड मीटरचा भाग. कारण हर्लीचं टोक वाकडं आणि पसरट असतं, आणि लाकडाची रेघ त्या वळणाबरोबर वळलेली असावी लागते. सरळ फळीतून कापून वाकडं टोक काढलं तर पहिल्याच टक्करीत रेघेवर फाटणार. फोर्जिंगमध्ये ग्रेन फ्लो म्हणून आपण जे शिकलो, ते हा माणूस कॉलेजचं तोंड न पाहता रंध्याने करत होता. पण त्याच्या वखारीतलं बरंचसं लाकूड परदेशातून आलेलं. २०१२ मध्ये आयर्लंडमध्ये अ‍ॅशवर एक बुरशीचा रोग सापडला आणि तेव्हापासून इथली झाडं शेंड्याकडून वाळत चालली आहेत. आता बांबूच्या हर्ल्याही मिळतात. पंचआजोबांनी एक हातात घेतली, झुलवून पाहिली आणि काही न बोलता परत ठेवली. युनेस्कोने २०१८ मध्ये हर्लिंगला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं खरं, पण यादीत नाव आल्याने झाड थोडंच वाचतं?

गुडघ्याने खेळणं सोडायला लावलं तेव्हा त्यांच्या क्लबात कोणीच पंच नव्हता. दर क्लबाने जिल्ह्याला पंच पुरवायचे असतात. सभेत सगळे बुटांकडे बघत बसले, आणि ह्यांनी हात वर केला. आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेत खजिनदार निवडायच्या वेळी जे होतं, तेच!

हर्लिंगचा पंच एकटा नसतो. दोन लाइनमन असतात आणि दोन्ही गोलांपाशी दोन-दोन असे चार अंपायर, खाटकाच्या असावेत तसे लांब पांढरे कोट घातलेले. गोल झाला की हिरवं निशाण, गुण झाला की पांढरं. हे अंपायर पंच आपलेआपणच आणतो. पंचआजोबांचे चौघे म्हणजे मेहुणा, गावचा पोस्टमन, शेजारचा एक शेतकरी आणि पुढे पोस्टमन वारल्यावर त्यांची स्वतःची थोरली मुलगी. पाच जण एका गाडीत कोंबून बसायचे आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला दोन-दोन तास जायचे. प्रवासखर्च मिळतो, मेहनताना नाही. सामना संपला की पाव-हॅम आणि कपभर चहा. चाळीस वर्षं दर सोमवारी आजींनी ते चार कोट धुऊन वाळत घातले. “आमच्या दोरीवर कोट दिसले की गावाला कळायचं, काल कुठेतरी भांडणं झाली,” असं त्या म्हणतात.

त्यांना मी एकदा विचारलं, सगळ्यात अवघड नियम कुठला? ते म्हणाले, चार पावलांचा. हर्लिंगमध्ये चेंडू हातात धरून चारच पावलं टाकता येतात. मग तो मारायचा, नाहीतर हर्लीवर तोलत पळायचं. चेंडू मुठीएवढा, वजन साधारण ११० ते १२० ग्रॅम, आणि ताशी शंभर किलोमीटरच्या वर सहज जाणारा. एका खेळाडूवर तिघे तुटून पडलेत, पाऊस तिरका येतोय, आणि तुम्ही पावलं मोजायची! “पाचव्या पावलाला दरवेळी शिट्टी मारलीस तर सामना अंधार पडेपर्यंत संपणार नाही,” ते म्हणाले. “पाचव्या पावलाने त्याला फायदा झाला का ते बघायचं. पण एकाला सोडलंस तर दुसऱ्यालाही सोडायचं. हे दुसरं विसरलास की घरी जा.” मोजमापाच्या धंद्यात मी वीस वर्षं काढली आहेत. टॉलरन्सची इतकी साधी व्याख्या मला कोणी सांगितली नव्हती.

आणखी एक रीत मला फार आवडली. सामन्याआधी पंचाकडे संघाची यादी द्यायची ती नावं आयरिशमध्ये लिहून. आमच्या आडनावाला आयरिश रूप कुठून आणणार? पंचआजोबांनी संध्याकाळभर डोकं खाजवलं आणि निकाल दिला : “जसं आहे तसं लिहायचं. पंचाने नीट उच्चारायला शिकायचं.” आता ते आमचं आडनाव ‘ळ’सकट म्हणतात. म्हणजे ‘ळ’चा ‘ल’ होतो, पण प्रयत्न दिसतो.

पंचाला शिव्या खाव्या लागतात, हे जगभर सारखंच. पण मोठ्यांच्या सामन्यापेक्षा लहान मुलांच्या सामन्यात पालक जास्त चेकाळतात, असा त्यांचा अनुभव आहे. एकदा दुसऱ्या गावच्या चौदा वर्षांखालच्या मुलांच्या सामन्यात त्यांनी एक गोल नाकारला. एक बाप सामना संपल्यावर गाडीपर्यंत मागे आला, खिडकीवर मुठी मारल्या, आजींबद्दलही बोलला. मुलगा शेजारी उभा राहून मान खाली घालून ऐकत होता. काही वर्षांनी तो माणूस वारला. पंचआजोबा पन्नास किलोमीटर गाडी चालवत अंत्यदर्शनाला गेले. रांगेत उभे राहिले आणि त्या मुलाचा हात हातात घेतला. क्लबची पोरं जर्सी घालून दोन्ही बाजूंना उभी होती, इथे तशी पद्धत आहे. मी विचारलं, “कशासाठी गेलात?” त्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणाले, “अरे, तो त्यांच्या ज्युनियर टीमचा गोलकीपर होता वीस वर्षं.”

मे २०२४ मध्ये ते मला थर्लसला घेऊन गेले. टिपरेरी विरुद्ध कॉर्क, सेंपल स्टेडियमवर. हर्लिंगवाल्यांचं हे पंढरपूर म्हणा ना. स्टेशनवर उतरल्यापासून चौकापर्यंत लाल-पांढरे आणि निळे-सोनेरी शर्ट एकमेकांत मिसळून चालत होते. चौकात हेज हॉटेलसमोर पंचआजोबा दोन मिनिटं टोपी काढून उभे राहिले. मी खिडकीतून डोकावलो, आत लोक सूप पीत होते. स्टेडियममध्ये दोन्ही बाजूंचे प्रेक्षक शेजारी शेजारी बसतात, पोलिसांची भिंत लागत नाही. माझ्या डावीकडे टिपरेरीचं एक कुटुंब होतं. कॉर्कने त्या दिवशी त्यांना अक्षरशः धुतलं. तरी मध्यंतरात त्यांच्याच डब्यातलं सँडविच माझ्या हातात होतं.

सामनाभर पंचआजोबांचं लक्ष चेंडूकडे नव्हतंच. ते पंचाकडे बघत होते. “बघ, कसा उलट्या पावलांनी पळतोय. बघ, हात वर धरलाय, पाच सेकंद फायदा देतोय.” परतीच्या गाडीत त्यांनी मला १९९८ ची गोष्ट सांगितली. क्रोक पार्कवर क्लेअर आणि ऑफलीची सेमीफायनल चालू होती. पंचाने वेळ पुरी व्हायच्या दोनेक मिनिटं आधीच शेवटची शिट्टी फुंकली. ऑफली हरत होतं. त्यांचे पाठीराखे मैदानात उतरले आणि तिथेच गवतावर बसून राहिले. शेवटी सामना पुन्हा खेळवायचं ठरलं. तो या थर्लसलाच झाला, ऑफली जिंकलं आणि पुढे फायनलही जिंकलं. लोक ही गोष्ट हसत हसत सांगतात. पंचआजोबा हसले नाहीत. “त्या माणसाने त्याआधी आणि त्यानंतर किती सामने नीट केले असतील, ते कोणी मोजलेत का?” एवढंच म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

आता मुद्द्याचं बोलतो, कारण ते टाळून हा लेख पुरा होणार नाही. २०२५ चा उन्हाळा आपण कोणी विसरलेलो नाही. १९ जुलैला, शनिवारी, डब्लिनच्या टाला भागात एका भारतीय माणसावर हल्ला झाला. पुढे आणखी बातम्या आल्या, भारतीय दूतावासाने सावध राहण्याची सूचना काढली, डब्लिनचा इंडिया डे पुढे ढकलावा लागला. त्याच शनिवारच्या दुसऱ्या दिवशी हर्लिंगची फायनल होती. २००५ पासून कप न पाहिलेलं कॉर्क मध्यंतराला सहा गुणांनी पुढे होतं, आणि उत्तरार्धात सगळं कोसळलं. टिपरेरी पंधरा गुणांनी जिंकलं. आमचं गाव आठवडाभर सुतकात होतं. आमचं घरही सुतकात होतं, पण कारण वेगळं.

माझी मुलगी बारा वर्षांखालच्या कमोगी संघात खेळते. त्या आठवड्यांत संध्याकाळी साडेसहाच्या सरावाला तिला पाठवायचं की नाही, यावर आमच्यात रोज खल व्हायचा. सौ. म्हणायची, थोडे दिवस जाऊ दे. मी म्हणायचो, आपलंच गाव आहे. पण आवाजात दम नव्हता. एका मंगळवारी सव्वासहाला बेल वाजली. दारात पंचआजोबा, गळ्यात शिट्टी. “कोच म्हणाली, गेल्या वेळी पोर आली नव्हती. मी मैदानावर चाललोच आहे. चालत जाऊ.” टीव्हीवरच्या बातम्यांचं त्यांनी नाव काढलं नाही, आम्हीही काढलं नाही. ते दोघं रस्त्याच्या कडेने जाताना आम्ही खिडकीतून बघत होतो. तिच्या खांद्यावर हर्ली, त्यांच्या हातात चेंडूंची जाळी. पुढच्या मंगळवारी सौ. त्यांच्याबरोबर स्वतः गेली आणि मैदानावर पाण्याच्या बाटल्या भरायचं काम गळ्यात घेऊन आली.

एका म्हाताऱ्याने बेल वाजवली म्हणून जग सुधारलं, असं मी म्हणत नाही. मैदानावरसुद्धा सगळं गोड नसतं. वेक्सफर्डचा नामवंत हर्लर ली चिन, ज्याचे वडील मलेशियन चिनी वंशाचे, त्याने वर्णावरून झालेल्या शेरेबाजीबद्दल जाहीरपणे सांगितलेलं आहे. पण दुसरी बाजूही खरी आहे. झॅक मोराडी नावाचा कुर्दी मुलगा इराकमधल्या निर्वासितांच्या छावणीत जन्मला, २००२ मध्ये लीट्रिमला आला, आणि २०१९ मध्ये त्याच लीट्रिम जिल्ह्याकडून क्रोक पार्कवर लॉरी मार कप जिंकला. क्लब विचारतो ते एवढंच, राहता कुठे आणि सरावाला येता का? आपल्या चेहऱ्याकडे बघून ‘मूळचे कुठले’ विचारणाऱ्यांच्या देशात, ‘आता कुठले’ एवढंच विचारणारी ही जागा आहे. आपण ती वापरली पाहिजे.

आणि मंडळांत राबणाऱ्या आपल्या लोकांसाठी एक खास गोष्ट राखून ठेवली होती. हर्लिंगचा सर्वांत मोठा कप लियम मॅकार्थीच्या नावाने आणि फुटबॉलचा सॅम मॅग्वायरच्या नावाने दिला जातो. हे दोघे कोण? मॅकार्थी लंडनमध्ये जन्मलेला, कॉर्कच्या स्थलांतरित आईबापांचा मुलगा. मॅग्वायर इथल्याच पश्चिम कॉर्कमधल्या डन्मॅनवेचा, नोकरीसाठी लंडनच्या पोस्टात गेलेला. दोघांनी लंडनमधल्या आयरिश लोकांची जीएए चालवली. सभा भरवल्या, संघ उभे केले. म्हणजे परदेशातल्या ‘मंडळा’चे कार्यकर्तेच की! राजांची, मंत्र्यांची नावं सोडून या देशाने आपल्या सर्वांत मोठ्या दोन कपांना परमुलखात सतरंज्या उचलणाऱ्यांची नावं दिली.

पंचआजोबांनी २०२३ मध्ये शिट्टी ठेवली. शेवटची काही वर्षं ते फक्त लहान मुलांचे सामने घेत. आता सरावाला शिट्टी गळ्यात असते ती सवयीने. पंचांचा तुटवडा इथे सगळीकडे आहे. नियम कडक होताहेत; फुटबॉलमध्ये २०२५ पासून पंचाशी फक्त कॅप्टनने बोलायचं आणि हुज्जत घातली तर चेंडू पन्नास मीटर पुढे न्यायचा, असं केलंय. पण नियम शिट्टी फुंकत नाहीत, त्याला माणूस लागतो. गेल्या हिवाळ्यात आमच्या क्लबच्या सभेत विचारणा झाली, लहान मुलींच्या सामन्यांना पंच कोण होणार? सगळे बुटांकडे बघू लागले. मी आयुष्यात हर्ली धरलेली नाही. पण नियमांचं पुस्तक पाठ होतं आणि शेजारी चाळीस वर्षांचा मास्तर होता. मी नवशिक्या पंचांचा वर्ग केला. आता शनिवारी सकाळी नऊ-दहा वर्षांच्या पोरींच्या मागे धावतो. पोट थोडं कमी झालंय. गावातले लोक, जे आधी हवामानावर बोलून पुढे जायचे, ते आता थांबून माझे निर्णय कसे चुकीचे होते ते सविस्तर सांगतात. याहून मोठं नागरिकत्व ते कोणतं?

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी मुलाला सरावाला सोडाल तेव्हा गाडीचं इंजिन बंद करा आणि कुंपणाच्या आत जा. कोणीतरी पांढरे कोट किंवा शंकू किंवा चहाचे कप गोळा करत असेल. त्याला नाव सांगा आणि विचारा, “काही मदत हवी का?” उत्तर ‘हो’ असेल याची खात्री बाळगा, आणि वॉटरप्रूफ जाकीट बरोबर ठेवा.